मलाई काळी झाली

उज्ज्वलाला दोन महिन्यांचं ट्रेनिंग पुण्याला लागलं. नवरा बादल कायम फिरतीवर. मग पाच वर्षांची आभा आजोळी गेली आणि मलाई ही सयामी मांजर दारव्ह्याजवळच्या तांड्यावर सासऱ्याकडे, देवसिंगकडे आली.

"आधी मलाई सांभाळून दाखवा मामाजी, मग आभाले पाठवतो," सून हसत म्हणाली होती. देवसिंगला ते हसण्यावारी नेता आलं नाही. बायको गेल्यापासून नात या घरी एक रात्रही राहिली नव्हती. एकट्या माणसाच्या हाती पोर कशी द्यायची, ही सुनेची धास्ती त्याला ठाऊक होती. म्हणून मांजरीची त्यानं अशी बडदास्त ठेवली की शेजारच्या हंसाबाईनं "जावई आला काय घरी?" म्हणून चिडवलं.

जूनमध्ये उज्ज्वला आली आणि दारातच थबकली. मलाईचे कान, तोंड, पाय, शेपूट काळे, बाकी अंग सायीसारखं, हे पहिल्यापासूनचं. पण आता तिची एक कूस चहा सांडल्यासारखी काळपट झाली होती.

"मामाजी, उन्हात सोडत होते न हिले?"

"नाही बाई. दाराबाहेर पाऊलबी नाही टाकू दिलं."

"मंग काळवंडली कायनं?"

देवसिंगनं मलाईची कूस हातानं पुसून पाहिली. संपलं. आभा आता काही येत नाही.

कातडीचा रोग असेल म्हणून दोघं मलाईला घेऊन दारव्ह्याला डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी केस फुंकून पाहिले आणि हसले.

"रोग नाही, जातीचीच खोड आहे. हिचा रंगाचा जीन असा, की अंग गार पडतं तिथंच केस काळे येतात. म्हणून कान-शेपूट काळे, पोट गोरं. उन्हात राहिली असती तर उलट पांढरीच राहिली असती. झोपायची कुठं ही?"

"कूलरपुढं," देवसिंग म्हणाला. "दिवसरात, याच कुशीवर."

घरात कूलर एकच, हे उज्ज्वलाला माहीत होतं.

"अन् तुम्ही?"

"अंगणात, बाजेवर. दुपारीबी तिथंच. मले कायले पाह्यजे कूलर?"

आल्यापासून तिनं मांजरच निरखली होती. आता तिची नजर आपल्या करपलेल्या मानेवर आहे हे कळून देवसिंगनं खांद्यावरचा दुपट्टा वर ओढला.

"शाळा सुरू व्हायले अजून वेळ हाये," ती हळूच म्हणाली. "उद्या आभाले आणून सोडतो."

"तिले कूलरपुढंच निजवीन," देवसिंग लगेच म्हणाला.

"अन् तुम्हीबी तिथंच निजा," सून म्हणाली.