खटका एकदाच वाजला

मावशीला सगळं हॉस्पिटल ‘वाफवाली’ म्हणायचं, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. ऑपरेशनला लागणारी कापडं, कापूस, पट्ट्या ड्रममध्ये भरायच्या आणि वाफेच्या मशीनमध्ये लावून निर्जंतुक करायच्या, हे तिचं काम. ड्रमच्या कमरेला एक कडं असतं. ते सरकवलं की भोकं उघडतात आणि वाफ आत शिरते. मशीनमधून काढल्यावर कडं परत सरकवून भोकं बंद करायची, तेव्हा खट्ट असा आवाज होतो. इतकं साधं काम! झोपेतही चुकली नसती.

पण आज बाईचा जीव थाऱ्यावर होता कुठे? वरच्या वॉर्डात नवरा उपाशीपोटी झोपून होता. सुतार माणूस, हर्नियाने पार आडवा केलेला. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि हे डॉक्टर बाहेरगावचे, महिन्यातून एकदाच यायचे. आज यादीत दोघंच. आधी एक बाई, मग नवरा.

म्हणून सकाळी मशीन लावताना मावशीने पोचा आलेला ड्रम नवऱ्यासाठी धरला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून म्हणाली, “प्रभू येशू, माझ्या माणसाला सांभाळ रे बाबा.” आमेन म्हणून ड्रम आत सारला आणि दार लावलं.

आता दोघांसाठीचे दोन्ही ड्रम बाहेर आले होते. सिस्टर आल्या आणि घाईघाईत हाताला लागला तो, पोचा आलेलाच, पहिल्या बाईसाठी घेऊन गेल्या. मावशी दुसऱ्याकडे बघत उभी राहिली, आणि एकदम तिच्या ध्यानात आलं.

खट्ट आवाज एकदाच झाला होता.

या ड्रमचं कडं तिने सरकवलं होतं, ते हाताला आठवत होतं. पोचा आलेल्या त्या ड्रमचं मात्र आधीच बंद होतं. मघाशी तिला वाटलं, लावलं असेल आपणच. पण सकाळी ते उघडलं होतं का? भोकं उघडायच्या वेळी तर तिचे हात प्रार्थनेत होते!

“अगं बाई, काय करून बसले मी हे!” ड्रमवर चिकटवलेली, वाफ लागली की रंग बदलणारी पट्टी काळी झाली होती, पण ती बाहेरच्या वाफेनेही होते. वाफ आत पोचली का ते दाखवणाऱ्या आतल्या पट्ट्या संपलेल्या. बॉयलर सकाळी एकदाच पेटायचा. म्हणजे आज धड ड्रम एकच, एकालाच पुरणारा, आणि तो इथे, नवऱ्याच्या वाट्याला. ती नुसती गप्प बसली असती तरी सगळं सुरळीत पार पडलं असतं.

देव आहे ना, तिने स्वतःला समजावलं. तो त्या बाईला सांभाळेल. आणि मग तिची तिलाच लाज वाटली. सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून त्याच बाईने विचारलं होतं, “मावशी, सगळं नीट होईल ना हो?” आणि हिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “देव आहे ना!” आपलं तोंड बंद ठेवायचं आणि वर देवाच्या गळ्यात काम घालायचं, ही कुठली श्रद्धा?

ती ड्रम उचलून जिना चढली आणि ऑपरेशनच्या खोलीशी पोचली.

“थांबा सिस्टर! तो ड्रम उघडू नका. माझी चूक झालीय.”

सगळ्यांसमोर सिस्टरांनी तिला फैलावर घेतलं. “नक्की चूक झालीय का?”

“नक्की नाही. म्हणूनच सांगतेय.”

सिस्टर जरा नरमल्या. तिच्या हातातल्या ड्रमकडे बघून हळूच म्हणाल्या, “हा चांगला आहे ना? मग तुमच्या मिस्टरांनाच आत घेऊ. त्या बाईंना पुढच्या महिन्यात बोलवू.”

देवा रे! हो म्हणायला तिची जीभ अगदी वळवळली. बाकावरच्या बाईने तिच्याकडे बघितलं.

“नको,” मावशी म्हणाली. “चूक माझी, नंबर तिचा का जावा? तिलाच घ्या.” आणि ड्रम सिस्टरांच्या पुढ्यात ठेवला.

दुपारी डॉक्टर निघून गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

“अहो, रागवा, पण बोला काहीतरी. महिनाभरात काही झालं तर मी काय करू?”

“त्या बाईचं नीट झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

“मग मला आता खायला दे. सकाळपासून पोटात काही नाही.”

तिने पाव दुधात बुडवून पुढे केला. त्याने नेहमीसारखे हात जोडले. “प्रभू, या घासाबद्दल आभार. त्या बाईची जखम लवकर भरून येऊ दे. मला महिनाभर तग धरू दे. मला भीती वाटतेय, तुला माहीतच आहे. आणि हिला...” तो थांबला. डोळे न उघडताच म्हणाला, “ऐकलंस का गं? पुढच्या खेपेला आधी भोकं उघड, मग माझ्यासाठी हात ठेव.”

मावशीला हसू आलं आणि रडूही. त्या दोन्हीतूनच तिने कसंबसं आमेन म्हटलं.