पुढचा भाग पाच सेकंदांत

“दाब, दाब! आता दाब!”

बाबांचं ओरडणं संपायच्या आत धाकटीने बटण दाबलं, पण टीव्ही तिच्याहून चपळ निघाला. काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली होती, ती आक्रसून कोपऱ्यात काडेपेटीएवढी झाली आणि उरलेल्या जागेत मोठ्या अक्षरांत आलं : पुढचा भाग पाच सेकंदांत. मग चार. मग तीन.

“अगं, घालवलंस!”

“मी नाही घालवलं, बाबा. त्यालाच घाई झालीय.”

“त्याला म्हणावं, इथे माणसं बसलीत.”

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे काका, खुर्चीतून उठले आणि पडद्याला नाक लावून उभे राहिले. पेपर वाचायचं भिंग त्यांनी कोपऱ्यातल्या नावांवर धरलं.

“मुंग्या आहेत,” ते म्हणाले. “सगळ्या मुंग्या वर चालल्यात.”

तोवर पुढचा भाग सुरू झाला आणि भिंगात कुणाची तरी भलीमोठी मिशी आली. काका दचकून मागे सरले.

त्या नावांमध्ये ताईचं नाव होतं. ताई ही धाकटीची मोठी बहीण. शाळेतली कायमची नोकरी सोडून ती दीड वर्षापूर्वी दूरच्या शहरात गेली होती, मालिका-सिनेमांच्या आवाजाचं काम करायला. आवाजाचं म्हणजे नेमकं काय, हे बाबांनी विचारलं नव्हतं. यंत्राची बटणं फिरवत असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ती निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “कुठेतरी नाव दिसू दे तुझं. मग मी होऊन फोन करीन.” बोलले ते बोलले. तेव्हापासून ताईचे फोन आईला येत, धाकटीला येत. बाबा शेजारच्या खोलीतून विचारत, “बरी आहे ना?” आणि उत्तर ऐकायला दारापर्यंत येत, त्याच्या पुढे नाही.

बाबा पाट्या रंगवणारे पेंटर. दुकानावरचं नाव रस्त्याच्या पलीकडून, सायकलवरून जाताना वाचता आलं पाहिजे, तरच ते नाव, असं त्यांचं म्हणणं. दुपारी ताईचा निरोप आला : मालिका आली. प्रत्येक भागाच्या शेवटी आहे मी, बघा. धाकटीने तो मोठ्याने वाचला. बाबांनी हातातला ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकायच्या ऐवजी चहाच्या कपात टाकला आणि तसेच, पायात चपला न घालता, काकांना बोलवायला गेले. साक्षीदार हवा होता.

पण नावापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. आधी टीव्हीने विचारलं, “कोण बघतंय?” काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “आम्ही!” मग परवलीचा शब्द मागितला. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत धाकटीने तो घातला, एक अक्षर चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. मग टीव्ही म्हणाला, हे खातं सध्या जास्तच ठिकाणी चालू आहे. खातं काकांच्या मुलाचं. काकांनी त्याला फोन लावून दम भरला, “बंद कर तुझी ती मारामारी! इथे घरची मुलगी यायचीय!” मग जाहिराती. एक टूथपेस्ट, एक गाडी, पुन्हा तीच टूथपेस्ट.

“पैसे भरून वर जाहिराती?” काका म्हणाले.

“जाहिराती नकोत तर वेगळे भरायचे, काका.”

“म्हणजे न दाखवायचेही पैसे? पेंटर, तू आपला उगाच पाट्या रंगवत बसलास.”

बाबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. धाकटीला ते हात दिसत होते. आज नाव दिसलं तर बाबा फोन करतील. नाही दिसलं तर ते तो विषयच पुन्हा निघू देणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

“आता नीट करू,” पहिली खेप अशी हुकल्यावर बाबा म्हणाले आणि त्यांनी कामं वाटून दिली. भाग संपत आला की काकांनी इशारा द्यायचा. धाकटीचा अंगठा आधीपासून बटणावर. बाबा स्वतः फोनचा कॅमेरा धरून तयार. “नाव आलं की टिपतोच. मग पळू दे त्याला कुठे पळायचं ते.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “लढाईला निघाल्यासारखे काय करताय?”

“तू ये ना बघायला.”

“दिसलं की हाक मारा. त्या पेटीपुढे बसायला मला धीर नाही.” आणि भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला.

पुढच्या खेपेला काकांनी इशारा वेळेवर दिला, धाकटीने बटणही दाबलं, पण ते मालिकेतूनच बाहेर पडायचं निघालं. पडद्यावर एकदम शंभर चित्रं आली : गाड्या, भुतं, रडणाऱ्या बायका.

“हे काय दुकान उघडलंस?” काका ओरडले.

पुन्हा तो भाग, पुन्हा टूथपेस्ट. आता काकांना ती जाहिरात पाठ झाली होती, तिच्यातल्या बाईबरोबर तेही दात दाखवत होते. धाकटीने पळवत पळवत शेवट गाठला आणि या वेळी जमलं! नावं कोपऱ्यात गेली नाहीत. अख्ख्या पडद्यावर, सरळ, ठळक, वर सरकू लागली. तिघेही उभे राहिले.

“कॅमेरा... प्रकाश... वेशभूषा,” बाबा वाचत होते. आवाज चढत होता. “ड्रायव्हर... आचारी... आचाऱ्याचं आहे, म्हणजे सगळ्यांचं आहे! ध्वनी! ध्वनी आलं, ध्वनी...”

पडद्याच्या मधोमध एक वर्तुळ आलं आणि गोल गोल फिरत बसलं. नेमकं नावांच्या वर.

“हो बाजूला,” काका त्याला म्हणाले.

ते हललं तेव्हा नावांनी मधलं सगळं ओलांडून उडी मारली होती. पडद्यावर कुणाकुणाचे आभार चालले होते. बाबांचा फोन हातात तसाच वर राहिला. त्यात फक्त वर्तुळ टिपलं गेलं होतं.

“राहू दे,” बाबा अखेर म्हणाले. “नसेल नशिबात.” आणि खाली बसले.

“एकदा, बाबा. शेवटचं.” धाकटीने घाईघाईने चित्र मागे न्यायचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. चित्र फारच मागे गेलं, भागाच्या मधोमध. मालिकेची नायिका, विम्याच्या दाव्यांचा तपास करणारी, एका रिकाम्या इमारतीचा अंधारा जिना चढत होती. संगीत नव्हतं, बोलणं नव्हतं, नुसती पावलं वाजत होती.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

आई बाहेर आली, ओल्या हातांनी. टीव्हीकडे तिने पाहिलंही नाही. तिघांच्या समोरून ती सरळ दारापाशी गेली, कडी काढली, दार उघडलं आणि वाकून जिन्यात पाहिलं.

“काय गं?” बाबांनी विचारलं.

“आली ना ती.”

“कोण?”

“अहो, थोरली. आत्ता जिना चढत होती.” आईने पुन्हा खाली पाहिलं. “दोन पायऱ्या भरभर आणि मग टाच घासते. चालता चालता पिशवीत किल्ली शोधते ना, तशी.”

धाकटीने रिमोट उचलला. चित्र जरासं मागे नेलं आणि सोडलं. दोन पावलं भरभर, मग टाच घासली.

आई दाराला धरून उभी राहिली. “हीच,” ती म्हणाली. “पण ही तर दुसरीच कुणी बाई आहे.”

“आई!” धाकटीचा आवाजच फुटला. “बाबा, ती चालते! शूटिंगमधली पावलं नीट ऐकू येत नाहीत. मग नंतर स्टुडिओत कुणीतरी पडदा बघत बघत, तसेच बूट घालून पुन्हा चालतं, ते आवाज घेतात. मला वाटलं, ताईच्या हाताखाली कुणी करत असेल. तीच करते!”

“चालायचा पगार?” काकांनी विचारलं, पण चेष्टेने नव्हे.

“चाल नायिकेची करायची, काका. पण पाय तिचेच ना!”

बाबांनी रिमोट मागून घेतला. त्यांनी तो जिना पुन्हा लावला. मग खुर्ची फिरवली, पडद्याकडे पाठ केली आणि ऐकलं.

“पुढे जाऊ दे,” ते म्हणाले.

नायिका खडीवरून चालली. “तीच,” आई म्हणाली, आता जमिनीवरच बसून. नायिका अनवाणी न्हाणीघरात गेली. “तीच!” एक जाडजूड हवालदार बूट आपटत आला. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटले, जराशी थांबली.

“तीच.”

“अरे, हवालदारही आपलाच!” काकांनी मांडीवर थाप मारली. “पेंटर, अख्ख्या मालिकेत तुझी पोर चालतेय!”

मग कुणाला दम निघेना. म्हातारी काठी टेकत आली, तीही ताई. पावसातून पळणारा चोर, तोही. धाकटी ओरडत होती, काका पैजा लावत होते. भाग संपला, नावं आली, कोपऱ्यात गेली, पाच सेकंद सरले. कुणी बटणाकडे पाहिलं नाही.

बाबा कधी उठले, ते कळलं नाही. ते खिडकीशी उभे होते, फोन कानाला लावून. काकांनी पटकन टीव्ही बंद केला.

“बाबा?” ताईचा आवाज खोलीभर ऐकू आला. तिला धाप लागली होती. “तुम्ही? दिसलं नाव?”

“नाही.”

पलीकडे रहदारी ऐकू येत होती.

“कुठे आहेस?”

“रस्त्यात. कामावरून घरी निघालेय.”

“मग थांबलीस का?”

“तुमचा फोन आला म्हणून.”

“थांबू नकोस,” बाबा म्हणाले. “फोन खाली धर जरा. पायांपाशी. आणि चाल.”