हात पोचेल अशी कडी

शिर्क्यांच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही, हे स्नेहलताला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं, तेही बाथरूममध्ये गेल्यावर. बिचारीनं एक पाय दाराला लावून कशीबशी आंघोळ उरकली. नवऱ्याला विचारलं, तर तन्मय हसून म्हणाला, "गात राहायचं. आमच्याकडे सगळे गातात." आता हिचा गळा म्हणजे आनंदीआनंद! शाळेत गणित शिकवणारी बाई ती. तिनं पाढे म्हणायला सुरुवात केली. बारा वर्षं झाली, सुभानपुऱ्यातल्या त्या घरातून सकाळी 'बे एके बे' ऐकू आलं की शेजारचे पटेलकाका चहाचं आधण ठेवतात.

कड्या काढून टाकल्या होत्या सासऱ्यांनी. सुभेदार विश्वंभर शिर्के, फौजेतून निवृत्त, पंचाहत्तरी ओलांडलेले, मिशा मात्र अजून पहाऱ्यावर. कड्या का काढल्या, हे विचारायची सोय नव्हती. म्हातारा असे डोळे वटारायचा की विचारणाऱ्याचीच बोबडी वळायची.

गेल्या दिवाळीत त्यांच्या मनात आलं, आपलं आयुष्य लिहून ठेवावं. हात थरथरायचा, म्हणून ते बोलणार आणि सूनबाई सकाळची शाळा करून आली की लॅपटॉपवर टाइप करणार, असं ठरलं. तन्मय वाघोडियाला कंपनीत, लेक ओवी दुपारच्या शाळेत. घर रिकामं. भरती झाली, रायफल झाली, लंगरातली पाणीदार डाळ झाली, सगळं कसं झरझर चाललं होतं. अडलं ते बर्फात.

"चौकीवर कडा कोसळला," बाबा सांगत होते. "मी बंकरात गाडला गेलो. मिट्ट काळोख. झोप अशी येत होती म्हणून सांगू! झोपलो असतो तर संपलोच असतो. पण बाहेरून ठोठावणं चालू होतं, म्हणून जागा राहिलो."

स्नेहलतानं लिहिलं, की शोधपथक बाहेरून ठोठावत होतं, आणि वाचून दाखवलं.

"शोधपथक कुठून आणलंस मध्येच?" बाबा उखडले. "मी म्हटलं पथक? पथक दुसऱ्या दिवशी दुपारी आलं."

"मग ठोठावत कोण होतं?"

"कमला."

ही कमला कोण, ते या घरात कोणालाच माहीत नव्हतं. तन्मयलासुद्धा नाही. बाबांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत, पेला हातात धरूनच बोलत राहिले.

कमला त्यांची धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर दोघं भावंडं काकांकडे आली होती. काका रेल्वेत, प्रतापनगरला क्वार्टर. मागे कोळशाची खोली. पोळी चोरली की विश्वंभरला त्या खोलीत कोंडायचे, दूध सांडलं की कोंडायचे, आणि काहीच केलं नाही तर, गप्प का आहेस, काय शिजतंय डोक्यात, म्हणून कोंडायचे. कमला पाच वर्षांची. कडी उंच, तिचा हात पोचायचा नाही. मग ती दाराबाहेर फतकल मारून बसायची आणि बोटानं वाजवायची. टक, टक, टक. आतून हा तसंच उत्तर द्यायचा. फटीला तोंड लावून ती म्हणायची, "दादा, मी मोठी झाले ना, की माझा हात पोचेल. मग मी कडी काढीन हां."

"एकदा उजाडताच कोंडलं मला," बाबा म्हणाले. "तिला ताप होता. तरी जरा वेळानं टकटक सुरू झाली. मला वाटलं, आली उठून पोर. दिवसभर वाजवत होती. दिवेलागणीला काकूनं दार उघडलं. विचारलं, कमला कुठाय? तर म्हणाली, दवाखान्यात नेली होती, सकाळीच गेली."

"सकाळीच?" स्नेहलतानं लॅपटॉप बाजूला सरकवला. "मग दिवसभर…"

"तेच तर." त्यांनी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीकडे बोट दाखवलं. "आणि हे पुस्तक सुरू केल्यापासून ती परत आलीय. त्या दाराशी बसते. अजून मोठं व्हायची वाट बघतेय, स्नेहल. मेलेलं पोर मोठं होतं का गं कधी?"

त्या दिवसापासून पुस्तक थांबलं आणि बाबांचं जेवणही सुटलं. अर्धी पोळी म्हणजे डोक्यावरून पाणी. दुपारभर अडगळीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, औषधं दिली, मान हलवली. तन्मय म्हणाला, "वय झालं, भास होतात." वाघोडियाला बसून बोलायला काय जातंय! दिवसेंदिवस मिशांखालचा चेहरा आत चाललेला स्नेहलताला दिसत होता. माहेरी वडील लवकर गेले होते. हा खाष्ट म्हातारा तिला हवा होता, त्याच्या वटारलेल्या डोळ्यांसकट हवा होता.

आणि एके दिवशी शाळेतून येऊन बघते तो घरात रतिलाल सुतार. अडगळीच्या दाराला बाहेरून नवी कोरी कडी ठोकत होता. इतक्या वर्षांत या घरातली पहिली कडी, आणि तीही गुडघ्याच्या जरा वर!

"दादा, आटली नीचे कडी कोण नखावे?" रतिलाल कुरकुरत होता. "छोकरां रमत करशे." एवढ्या खाली लावली तर पोरं खेळत बसतील, म्हणे.

"करू देत," बाबा म्हणाले.

सुतार गेला तसे ते उठले, लुंगी झटकली आणि खोलीत शिरले. "कडी लाव, सूनबाई. आणि काही झालं तरी तू काढायची नाहीस."

"बाबा, वेड लागलंय का? आत हवा नाही. तुमची छाती…"

"पहाडावर फुटली नाही ती. लाव म्हणतो ना!" मग आवाज एकदम खाली आला. "ती मोठी होऊ शकत नाही गं. म्हणून कडी खाली आणली. एवढं करू दे मला."

स्नेहलतानं कडी लावली. मग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, दारापासून चार हात लांब, नजर कडीवर. आतून आवाज आला. टक, टक, टक. बाहेर सगळं गप्प. पुन्हा टक, टक, टक. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. ती मनात पाढे म्हणू लागली, पण ते मध्येच तुटत होते.

मग आतून बाबांचा आवाज आला, आणि तो सुभेदारांचा नव्हता. कोण्या नऊ-दहा वर्षांच्या पोराचा होता. "कमे, अगं बघ तरी. खाली आणलीय कडी. पोचेल तुझा हात."

स्नेहलताला ते ऐकवेना. तिनं ओढणीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडली. आता उठायचं, त्यांचा हुकूम गेला खड्ड्यात, म्हाताऱ्याला बाहेर काढायचं, असं तिनं ठरवलं, आणि तेवढ्यात आवाज झाला. टक, टक, टक. आतून नव्हे, दाराच्या या बाजूनं. तिनं ओढणी बाजूला केली. दाराशी कोणी नव्हतं. कडी निघाली होती.

दार करकरत उघडलं. बाबा उंबऱ्यात उभे होते, घामानं निथळत.

"तू काढलीस?"

तिनं नुसती मान हलवली. नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या कडीकडे पाहिलं, आणि तिथंच फरशीवर बसले. "पोचला गं," म्हणाले. "पोचला तिचा हात."

संध्याकाळी त्यांनी स्वतः मागून पिठलं-भात खाल्ला, दोनदा वाढून घेतला, आणि मीठ कमी आहे म्हणून भांडलेही. दुसऱ्या दिवशी पुस्तकाचं शेवटचं वाक्य सांगितलं. 'मला माझ्या बहिणीनं सोडवलं.' मग म्हणाले, "आता त्या बाथरूमला कडी लावून घे. किती वर्षं पाढे म्हणणार आहेस?"

रतिलाल पुन्हा आला आणि कडी बसवून गेला.

पहिल्या सकाळी स्नेहलता आत गेली आणि नव्या कडीवर हात ठेवून थबकली. बाहेर बाबांच्या चपला वाजल्या, जिन्यापाशी थांबल्या. टक, टक, टक. अडगळीच्या दारावर. त्यांनी वाट पाहिली. पुन्हा वाजवलं. काही उत्तर आलं नाही. आता ते कधीच येणार नव्हतं. मोकळी झाली होती पोर, आणि म्हातारा पहिल्यांदाच एकटा पडला होता.

स्नेहलतानं कडीवरचा हात काढून घेतला. दार तसंच नुसतं लोटलेलं ठेवलं आणि सगळा जोर लावून, पटेलकाकांच्याही पलीकडे ऐकू जाईल असं, सुरू केलं, "बे एके बे! बे दुणे चार!"

बाहेर चपला हलल्या. बाथरूमच्या दाराशी येऊन थांबल्या, आणि पाढा संपेपर्यंत तिथून गेल्या नाहीत.