गॅसजवळ कोण उभं राहणार

दातांच्या दवाखान्यात पोरं रडतात आणि मी त्यांना गप्प करते. सात वर्षं हेच करतेय. नाकावर मास्क लावायचा, गुंगीचा गॅस सोडायचा, आणि पोराच्या तोंडाशी वाकून विचारायचं, "तुझ्या मांजराचं नाव काय रे?" पोर बोलायला लागतं, खुदकन हसतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाई दात काढतात. "हिच्या हाताला गुण आहे," असं सगळ्यांना सांगतात. गुण कसला डोंबलाचा. नाकाने घेतलेला गॅस पोर बोलताना तोंडाने सोडतं, तो सरळ माझ्या नाकात. तो ओढून बाहेर टाकणारी नळी दोन वर्षांपूर्वी तुटली. "पुढच्या महिन्यात बसवू," म्हणतात बाई. तो महिना काही उजाडत नाही.

या दोन वर्षांत मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळी मी त्या यंत्राचं माहितीपुस्तक शोधून वाचलं. नळीशिवाय वापरू नये, गरोदर बाईने तर जवळही थांबू नये, असं स्वच्छ छापलंय.

आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत. नवरा म्हणतो, "सोड ती नोकरी." स्वतः पाच महिने घरी बसलाय, बोलायला त्याचं काय जातंय? शेवटी काल मनाचा हिय्या करून मी बाईंना सांगितलं. बाई वाईट नाहीत. "उद्यापासून तू बाहेर बस, फोन घे. गॅसला नवी राहील," म्हणाल्या. मला रडूच आलं.

नवी म्हणजे आमची चिमणी. लग्नाला वर्ष झालंय, नोकरीला जेमतेम दीड महिना. आज दुपारी डबा खाताना ती माझ्याजवळ सरकली.

"ताई, कुणाला बोलू नका हं. मलाही दिवस गेलेत."

मी डबा बाजूला सारला. नळीचं, पुस्तकाचं, माझं, सगळं सांगितलं तिला. "आत्ताच्या आत्ता बाईंना सांग."

"तुम्ही जुन्या, तुम्हाला खुर्ची मिळाली. मला सरळ घरी पाठवतील. घरात कमावती मी एकटी. तुम्हाला माझी शपथ, ताई." मग खाली बघत म्हणाली, "आजचा दिवस तुम्ही जाता का आत? उद्याचं बघते मी काहीतरी."

बघणार काय, कपाळ? उद्याही तीच खोली आणि तीच तुटकी नळी. मला तिचा राग आला, बाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण माझ्या तोंडून हो निघत नव्हतं.

आत एका पोराने भोकाड पसरलं. "अगं, कोण येतंय?" बाईंनी हाक मारली.

चिमणी उठून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी फोन उचलून कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता. तिने ते पाहिलं, आणि ती आत गेली.