हत्तिणीचा होकार

"वाजवा घंटा! प्रश्न मोठ्यानं विचारा आणि मग बघा काय होतं ते!"

टूर मॅनेजरनं असं म्हणायचा अवकाश, लाकडी मचाणावरची आमची सगळी वरात कठड्याला चिकटली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुढे सरसावले. खांबाला टांगलेली पितळी घंटा त्यांनी वाजवली, घसा खाकरला आणि विचारलं, "आमच्या धाकटीचं लग्न यंदा जमेल का?"

कठड्यापलीकडे, अभयारण्याच्या चिखलात, एक म्हातारी हत्तीण उभी होती. ती क्षणभर तशीच राहिली, मग तिची मान हलायला लागली. खाली, वर, खाली, वर.

"हो म्हणाली! अगं बाई, हो म्हणाली!" बँकवाल्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मागून टाळ्या पडल्या.

"मंडळी, ही साधी हत्तीण समजू नका," मॅनेजर म्हणाला. "या आहेत आजी! हत्तीला पृथ्वीच्या पोटातले आवाज ऐकू येतात, हे शास्त्रज्ञसुद्धा मानतात. मग माणसाच्या पोटातलं ऐकू येणार नाही? सगळा खेळ व्हायब्रेशनचा आहे!"

त्याच्या स्वतःच्या पोटातली व्हायब्रेशनं सकाळच्या नाश्त्यानंतर मला बसमध्ये दोन सीट मागे ऐकू येत होती, पण ते जाऊ दे. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. ताईसोबत आले होते म्हणून तोंड आवरून उभी होते.

एका जावईबापूंनी गमतीत विचारलं, "सासूबाई आता कायमच्या आमच्याकडेच राहणार का?" हत्तिणीनं जोरजोरात मान हलवली. त्यांच्या बायकोला हसू आवरेना आणि त्यांचा चेहरा पार उतरला. माणसं पोट धरधरून हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि तेवढ्यात ताई पुढे गेली.

ताई माझी थोरली बहीण. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा जहाजावर इंजिनिअर होता. ते जहाज वादळात बुडालं, काही जणांचे देह सापडले, त्याचा सापडला नाही. तेव्हापासून घरात ताई आणि सून, दोघीच. सून वयानं अगदी कोवळी, पण कधी माहेरी निघून गेली नाही. शेवटी ताईनंच तिच्यामागे लकडा लावला, की तू पुन्हा लग्न कर. सुनेच्या ऑफिसातल्या एका शांत, भल्या माणसाला ताईनंच घरी चहाला बोलावलं. आम्ही सहलीहून परतलो की लगेच लग्न होतं. "आई, तुम्ही माझ्यासाठी खूप धावलात, आता जरा फिरून या," असं म्हणून त्या पोरीनंच आम्हाला परदेशी पाठवलं होतं.

ताईनं घंटा वाजवली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

"माझा मुलगा आहे का गं?"

हत्तीण मान हलवत राहिली. ताई कठडा धरून खालीच बसली. हसत होती की रडत होती, मला कळेना. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मॅनेजरनं तर डोळेच पुसले. मग पलीकडून एक कामगार भोपळ्यांची आणि कणसांची हातगाडी घेऊन आला, हत्तीण खाऊ लागली. त्यानंतर आणखी दोघांनी प्रश्न विचारले, तर तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"मनात शंका असणारी माणसं आसपास असली की आजी मौन धरतात," मॅनेजर म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्यानं मान डोलावली.

हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या, पायातल्या चपलासुद्धा न काढता ताईनं फोन लावला.

"पोरी, ऐक. तो आहे. हो, आहे! कळलंय मला. कसं ते आल्यावर सांगते. ते लग्न तेवढं थांबव."

मग सून म्हणाली, "बरं, आई."

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. मी व्हरांड्यात गेले.

"मावशी, खरंच काही कळलंय का? कंपनीकडून? कुणी बघितलंय त्याला?"

मला वाटलं होतं ती चिडली असेल. ती चिडली नव्हती, तिलाही आशा लागली होती.

"नाही गं बाळा," मी म्हणाले, "एका हत्तिणीनं मान हलवली."

ती हसली नाही. "मावशी, फोन वाजला की मी पळत सुटायचे. इतकी वर्षं. आत्ता आत्ता कुठं ते थांबलं होतं. असू दे. आईंना दुखवून मी लग्नाला उभी राहणार नाही. मी काही बोलले असं मात्र त्यांना सांगू नका."

मी आत आले ती भांडायच्याच तयारीनं. "ताई, अगं भानावर ये! आपली भाषा त्या जनावराला कुठून कळणार?"

"भाषा नसेल कळत. आईचं मन कळतं."

"आणि त्या जावयाच्या सासूचं? तेही कळलं का?"

"तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव," ताई म्हणाली. "त्याला मेलेला म्हणायला तुझं काय जातंय? तुझ्या पोटचा नव्हता तो."

त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं मी. पण पोटचा नव्हता हे खरंच होतं. मी दिवा बंद करून भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी चहाच्या वेळी मॅनेजर आमच्या टेबलाशी आला. लोकांचा आग्रह म्हणून आजही प्रश्नांचा कार्यक्रम ठेवला होता म्हणे. "ताई, तुमच्यासाठी खास नकाशा आणलाय. एकेका देशाचं नाव घ्यायचं. चिरंजीव जिथं असतील तिथं आजी मान हलवतील. मग पुढची तिकिटं, व्हिसा, सगळं मी बघतो. तुम्ही काळजीच करू नका!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पहिल्या नावालाच ती मान हलणार होती आणि माझी बहीण राहतं घर विकून त्या देशात पोराला शोधत फिरणार होती. पण त्या संतापात एक गोष्ट मात्र डोक्यात लख्ख झाली. मान हलते ती प्रश्नानंतर नाही, घंटेनंतर. आणि थांबते ती हातगाडी आल्यावर.

"ताई," मी म्हटलं, "त्याचा कार्यक्रम नंतर आहे. त्याआधी नुसती बघून येऊ तिला. मी एक शब्द बोलणार नाही."

अभयारण्य हॉटेलला लागूनच होतं. पर्यटक अजून यायचे होते. गमबूट घातलेली तिथली जनावरांची डॉक्टर नळावर हात धूत होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला हत्तिणीच्या मान हलवण्याबद्दल विचारलं. तिनं सांगितलं ते मी ताईला जसंच्या तसं सांगत गेले. ही हत्तीण सर्कशीतून सोडवून आणलेली. तिथं पुढचा पाय आखूड साखळीनं कायमचा बांधलेला. चालता यायचं नाही, वळता यायचं नाही, हलायचं ते फक्त डोकं. मग ती तेच हलवत राहायची. साखळी सुटली, पण ती सवय सुटली नाही. खाणं येणार असं वाटलं, जीव उतावीळ झाला, की ती परत सुरू होते.

"आणि ती घंटा?" मी विचारलं.

"खाण्याचीच. तुमचा मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांना स्वतःच्या हातानं घंटा वाजवून तिला जेवायला बोलवायला आवडतं. त्याच्या सांगण्यावरून आम्ही गाडी जरा उशिरा आणतो. त्यात काही चुकतंय का?"

बिचारीला आमची भाषा येत नव्हती. तिला वाटत होतं, आम्ही हत्तिणीला प्रेमानं हाका मारतोय.

तेवढ्यात कामगारानं सकाळची घंटा वाजवली. मचाणावर चिटपाखरू नव्हतं, प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. हत्तीण चिखलातून दोन पावलं पुढे आली, थांबली आणि मान हलवायला लागली. खाली, वर, खाली, वर. तिच्या पुढच्या पायाभोवती कातडी झिजून वळ पडला होता, तो काल आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

मी तोंड उघडलं, पण ताई म्हणाली, "गप्प बस. मला सगळं माहीत आहे."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. ताईनं आयुष्यभर बालगृहात परिचारिकेचं काम केलं होतं, टाकून दिलेल्या तान्ह्या पोरांच्या खोलीत.

"आमच्या खोलीत पाळणे जास्त आणि हात कमी," ती म्हणाली. "ज्या पोरांना कुणी उचलून घ्यायचं नाही, ती पाळण्यात बसून अशीच डोकं हलवायची. दुधाच्या गाडीची चाकं वाजली की मग तर फारच. बघायला आलेले पाहुणे म्हणायचे, वा, काय खुशीत डोलतंय पोर! मी त्यांना ओरडायचे. म्हणायचे, ती खुशी नाही हो, त्याला कुणी घेतलेलं नाही." ती थांबली. "काल मान हलली तेव्हाच मला ओळखू आलं होतं गं. पण ती हो म्हणत होती. मी कशी नाही म्हणू?"

हातगाडी आली. मान थांबली. हत्तीण खायला लागली. ताईनं माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. आम्हा दोघींनाही रडू फुटलं.

कार्यक्रमाला ती हट्टानं आलीच. मॅनेजरनं नकाशा उलगडला, माणसं कौतुकानं सरकून उभी राहिली. ताईनं घंटा वाजवली आणि काल बारीक झालेला तो आवाज आज मागच्या माणसापर्यंत खणखणीत पोचला.

"माझा मुलगा गेला का?"

हत्तिणीनं मान हलवली.

"तो जिवंत आहे का?"

मान हलतच होती.

"हा नकाशावाला माणूस खोटारडा आहे का?"

मान हलतच होती. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो ताई, आजींना असं उलटसुलट विचारायचं नसतं! व्हायब्रेशन बिघडतं!" मॅनेजरनं घाईघाईनं नकाशा गुंडाळला.

"काही बिघडत नाही," ताई म्हणाली. "ही जेवणाची घंटा आहे. हिला भूक लागलीय आणि हा बाबा मुद्दाम तिचं खाणं अडवून ठेवायला लावतो. वर्षानुवर्षं साखळीत राहून तिला ही खोड लागलीय. तो पायाचा वळ बघा एकदा. ती तुम्हाला हो म्हणत नाही. ती कुणालाच काही म्हणत नाही."

मग आमच्यातली एक बाई, जी काल माझ्या बहिणीला पाणी पाजत होती, तीच एकदम उसळली. "तुमची आशा मोडली म्हणून आमची कशाला मोडता? काल मी विचारलं तेव्हा माझ्या मिस्टरांचं दुखणं जाईल, असं ती म्हणाली होती! मी त्यांचं ऑपरेशन पुढं ढकलायला सांगितलंय घरी!"

ताई तिच्याजवळ गेली. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

बाईचा आवाज खाली आला. "उशीर करू नका म्हणाले."

"मग आत्ता फोन करा," ताई म्हणाली. "इथूनच करा. मी उभी राहते तुमच्याजवळ."

तिनं फोन केला. मॅनेजर बसकडे निघून गेला आणि त्याच्या मागोमाग काही माणसंही गेली, आमच्याकडे रागानं बघत. त्यांना काय दोष द्यायचा? आशा कुणाला नको असते? पण ती कुठून येते हे विचारायला हवं. ज्या उत्तराला कधी नाही म्हणताच येत नाही, ते उत्तर नसतं. एकदा उलटा प्रश्न विचारून बघा, एकदा कुणी नसताना जाऊन बघा. एवढं केलं तरी पुष्कळ आहे. बुवाबाबांची, बोलक्या जनावरांची दुकानं तेवढ्यानंही बंद पडतात. आणि ते केलं नाही, तर भोगायला लागतं ते दुसऱ्याच कुणाला तरी. माझ्या बहिणीच्या बाबतीत ते एका गुणी पोरीला भोगावं लागणार होतं.

ताई मचाणाच्या पायरीवर बसली आणि तिनं सुनेला फोन लावला. मला उठून जायचं होतं, पण तिनं माझा पदर धरून ठेवला.

"पोरी, लग्न ठरल्या दिवशीच होणार. मी चुकले."

पलीकडून सून काहीतरी म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही, पण ताईचा चेहरा बघून कळलं. इतक्या वर्षांत दोघींपैकी कुणीही जे विचारलं नव्हतं, ते तिनं आज विचारलं होतं.

"हो गं बाळ," ताई म्हणाली. "तो गेला. केव्हाच गेला. मला म्हणवत नव्हतं."

फोन कानाला धरून इकडे ताई रडत होती, तिकडे सून रडत होती. एका घरात इतकी वर्षं काढली, पण एकमेकींना त्रास नको म्हणून दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडायच्या. माझ्या भाच्यासाठी त्या पहिल्यांदाच एकत्र रडल्या.