रखवालदारानं चर्च बुडवलं

टाइप करता येतं म्हणजे लिहिताही येतं, असा चर्चच्या कमिटीचा ठाम समज होता, आणि त्या समजाचा बळी ठरली टायपिंगवाली. बिचारीनं आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला, दुसऱ्यांचे अर्ज बिनचूक उतरवून दिले. स्वतःच्या मनानं एक ओळ लिहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. चर्चला शंभर वर्षं होणार म्हटल्यावर नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हसत हसत म्हणाले, "ताई, मंडळीचा इतिहास तुम्हीच लिहा. छोटासाच. त्या दिवशी उपासनेत वाचून दाखवायचा." नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं, संपलं.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आई ऐंशी ओलांडलेली, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. ती मटार सोलत बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "माझ्या बाबांबद्दल काय लिहिणार?"

घोडं नेमकं तिथंच अडत होतं. आईचे बाबा त्या चर्चचे रखवालदार होते. घंटा वाजवायची, बाकं पुसायची आणि कुणाचा बाप्तिस्मा असला की व्यासपीठाखालची टाकी भरायची, हे त्यांचं काम. या मंडळीत, म्हणजे या चर्चच्या लोकांत, तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. कळत्या वयात माणसानं स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगायचा, टाकीत उतरायचं आणि पाळकांनी त्याला डोक्यासकट बुडवून वर काढायचं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात बाप्तिस्मा घेणं म्हणजे सरळ 'बुडणं'. "काय हो, तुमचा मुलगा बुडला का?" असं कुणी भर रस्त्यात विचारलं की येणारे-जाणारे दचकायचे, आणि मुलाची आई खुशीत सांगायची, "बुडला की, गेल्याच रविवारी!"

पण आजोबांचा विषय निघाला की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. 'रखवालदारानं चर्च बुडवलं.' टायपिंगवालीनं ते लहानपणापासून ऐकलं होतं. म्हणजे नक्की काय केलं हे कुणी सांगितलं नाही, आणि हिनं विचारायची हिंमत केली नाही. घरातल्या माणसानं काहीतरी लाज आणणारं केलंय एवढंच तिच्या मनात पक्कं बसलं होतं. नाहीतर आई जन्मभर दाराजवळच्या शेवटच्या बाकावर कशाला बसली असती? प्रभुभोजनाची, म्हणजे भाकरीच्या तुकड्यांची आणि द्राक्षरसाच्या पेल्यांची, थाळी आली तरी आई त्यातलं काही न घेता ती पुढे सरकवायची. "मला आंबट चालत नाही गं," म्हणायची. "द्राक्षाचा रस घेतला की दिवसभर जळजळतं."

"हे बघ," आई म्हणाली, "त्यांच्याबद्दल वाईट लिहिलंस तर मी येणार नाही. आणि त्यांना गाळलंस, तरी येणार नाही."

"मग लिहू तरी काय?"

"खरं ते लिही."

"अगं, पण खरं काय आहे? तूच सांग ना!"

"मी त्यांची मुलगी. माझ्या बोलण्याला कोण विचारतंय? लोकांना विचार. त्यांच्या तोंडून येऊ दे." आणि आईनं मटारच्या टरफलांचं ताट तिच्या हातात दिलं, म्हणजे विषय बंद.

जुने कागद असतील म्हणून तिनं चर्चचं कपाट उघडलं, तर आत सगळा लगदा. कधीकाळी भिजून, वाळून, वीट झालेला. मग राहिली माणसं.

पहिल्यांदा ती ऑर्गनवाल्या मावशींकडे गेली. त्यांच्या घरी तीन पिढ्या चर्चचा ऑर्गन वाजवायची रीत. प्रश्न ऐकताच मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बुडवलं म्हणजे? बुडवलंच! टाकीचा नळ उघडा टाकला आणि विसरला. पाणी व्यासपीठावरून खाली, बाकांखालून थेट रस्त्यावर! माझ्या आईचा ऑर्गन गुडघाभर पाण्यात उभा. भाते कुजले, लाकूड फुगलं. अजून खालचा सूर दाबला की म्हैस रेकल्यासारखा आवाज येतो, तो तुझ्या आजोबांची कृपा."

म्हणजे पूर आणला होता तर! टायपिंगवालीला हायसं वाटलं. विसरभोळेपणा म्हणजे काही पाप नव्हे. ती जवळजवळ उड्या मारत बेकरीवाल्यांकडे गेली.

बेकरीवाले कमिटीचे सेक्रेटरी. पिठाचे हात झटकत ते म्हणाले, "नळ? कसला नळ? अहो, चर्च बुडवलं म्हणजे धंदा बुडवतात ना, तसं. पार वाटोळं केलं. अर्धी मंडळी सोडून गेली त्या माणसापायी."

"का पण? काय केलं त्यांनी?"

"ते मला काय माहीत! माझा जन्म नंतरचा. आमच्याकडे एवढंच म्हणायचे."

आता ही बाई गोंधळली. नळ उघडा राहिला म्हणून कुणी चर्च सोडतं का? फार तर फडकी घेऊन येतील! राहता राहिले सूरकाका, गायकवर्गाचे जुने प्रमुख, आईच्याच वयाचे. तेव्हाचं डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता आई सोडून तोच एक. ते ऐकायला कमी येतं म्हणून प्रसिद्ध होते, पण काय ऐकू येणार नाही हे त्यांचं तेच ठरवायचे.

"काका, आजोबांनी चर्च बुडवलं म्हणजे काय केलं?"

"काय? हो, हो, बुडवलं. मुलं शाळा बुडवतात ना, तसं. रुसला होता तो. घंटा वाजवायचा आणि बाहेर पायरीवर बसून राहायचा. उपासनेला आत यायचाच नाही. कितीतरी वर्षं चर्च बुडवलं त्यानं." काका खिडकीबाहेर बघत बोलत होते.

"रुसले कशावरून?"

"काय म्हणालीस? ऐकू येत नाही मला!" असं म्हणून काकांनी तिला अक्षरशः दारापर्यंत आणून सोडलं.

घ्या! एकीच्या मते पाण्यात बुडवलं, दुसऱ्याच्या मते धुळीला मिळवलं आणि तिसऱ्याच्या मते दांडी मारली. शब्द एकच, माणूस एकच, आणि हिच्या डोक्याचा नुसता भुगा. संध्याकाळी ती मशीनसमोर बसली. 'रखवालदारांनी चर्च' एवढं टाइप केलं आणि हात थांबले. कागद काढला, दुसरा घातला. पुन्हा तेच. शेवटी ती उठली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, पुरे झाला खेळ. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. त्यांनी नळ उघडा टाकला, का चर्चचं वाटोळं केलं, का दांड्या मारल्या?"

आई आधी हसली. मग तिनं विचारलं, "सूरकाका काय म्हणाला?"

"दांड्या मारल्या म्हणाले."

"एवढंच?" आईचं हसू मावळलं. "भित्रा मेला," ती हळूच म्हणाली, आणि मग बोलायला लागली.

तेव्हा मंडळीत दोन तट होते. एक नदीवाले, एक टाकीवाले. नदीवाले म्हणायचे, बुडायचं तर वाहत्या पाण्यात, टाकीतलं बुडणं कसलं? टाकीवाले म्हणायचे, एवढा खर्च करून बांधली ती काय मासे पाळायला? एकमेकांना नुसते पाण्यात पाहायचे. पाळक गरीब स्वभावाचे. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून प्रत्येक वेळी म्हणायचे, "नंतर बघू." आणि इकडे बाप्तिस्म्यासाठी तयार असलेली पोरं ताटकळत बसलेली. त्यांत आई होती, सूरकाका होते, आणखी काही जण होते.

"बाबा रोज सकाळी टाकी घासायचे आणि रोज सुकी बघायचे," आई म्हणाली. "एक दिवस सटकली त्यांची. म्हणाले, पाणी आहे, लेकरं आहेत, विश्वास आहे, मग अडलंय कुणाचं? घंटा न वाजवता त्यांनी आम्हाला आत घेतलं. एकेकाला विचारलं, विश्वास ठेवतोस ना? आणि बुडवलं. आधी मला. पाणी इतकं गार होतं की मी ओरडले, तर म्हणाले, ओरड, ओरड, देवाला ऐकू जाऊ दे."

"म्हणजे... आजोबांनी बाप्तिस्मा दिला?"

"सगळ्यांना. आणि त्या आनंदात नळ राहिला उघडा. बाहेर रस्त्यावर पाणी बघून कमिटी धावत आली. नदीवाले म्हणाले, रखवालदार बुडवतो ते चर्च आमचं नाही, आणि गेले. टाकीवाल्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मग सगळ्यांनी मिळून नळाचंच तेवढं धरलं. रखवालदारानं चर्च बुडवलं म्हणायचं, माणसं बुडवली ते बोलायचंच नाही."

"आणि पाळक?"

"त्यांना आम्ही विचारलं, आमचा बाप्तिस्मा धरायचा का? म्हणाले, नंतर बघू." आईनं हात उडवले. "ते वारले. मग दुसरे आले, तिसरे आले. अजून बघतायत. आमच्यातली बाकीची पोरं गाव सोडून पांगली, कुणी दुसरीकडे पुन्हा बुडून घेतलं. सूरकाकानं त्या दिवसाबद्दल तोंड मिटलं आणि गायकवर्गात गायला लागला. तू बुडलास का, असं त्याला कुणी विचारलं नाही."

टायपिंगवाली खाली बसली. तिच्या डोक्यात काहीतरी हलत होतं आणि नीट बसत नव्हतं. बाप्तिस्मा झालेल्यांनीच प्रभुभोजन घ्यायचं, हे तर लहान पोरालाही ठाऊक. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं, की रस आंबट असेल, पण भाकरीचा तुकडा कुठं आंबट असतो?

"आई, तू म्हणून थाळी पुढे सरकवतेस?"

आईनं नुसती मान हलवली.

"अगं, मग पुन्हा घ्यायचा होतास बाप्तिस्मा! दोन मिनिटांचं काम!"

"आणि बाबांनी बुडवलं ते खोटं, असं म्हणायचं? माझ्या तोंडानं?" आईचा आवाज चिरकला. "ते शेवटपर्यंत पायरीवर बसले. आत यायची लाज वाटायची त्यांना. म्हणून मी दाराजवळ बसते, तिथून पायरी दिसते. मला पुढचं बाक नको, सत्कार नको. मी बुडलेय की नाही, तेवढं एकदा कुणीतरी सांगा मला."

टायपिंगवालीला रडूच कोसळलं. इतकी वर्षं ती जिला लाज समजत होती, ती लाज नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी ती पाळकांकडे गेली आणि सगळं सांगितलं. पाळक तरुण, अभ्यासू. त्यांनी डोकं खाजवलं, कपाटातलं एक जाड पुस्तक काढलं, परत ठेवलं. "ताई, प्रश्न नाजूक आहे. तसं म्हटलं तर धरता येईल, आणि तसं म्हटलं तर... असं करू, शताब्दी पार पडू दे. नंतर बघू."

"नंतर बघू?" टायपिंगवाली इतक्या मोठ्यानं ओरडली की बाहेर झाडणारी बाई आत डोकावली. "माझी आई ऐंशीच्या पुढं गेलीय, पाळकसाहेब! नंतर म्हणजे कधी?" आणि ती तरातरा निघून आली.

शताब्दीच्या दिवशी चर्च खचाखच भरलं होतं. आई दाराजवळच्या बाकावर बसली होती, येणार नाही येणार नाही म्हणत आलेली. पुढच्या मेजावर प्रभुभोजनाची थाळी झाकून ठेवली होती. टायपिंगवाली वाचायला उभी राहिली. पायाभरणी झाली, छप्पर झालं, ऑर्गन आला. मग ती म्हणाली, "आणि त्या वर्षी रखवालदारांनी चर्च बुडवलं."

लोक हसले. ऑर्गनवाल्या मावशींनी मान डोलावली, बेकरीवाल्यांनीही. प्रत्येकाला वाटलं, आपलंच बरोबर निघालं.

"पाण्यात बुडवलं," ती पुढे वाचत गेली. "बाप्तिस्मा देऊन बुडवलं. पाळक नंतर बघू म्हणत होते, म्हणून रखवालदारांनी थांबलेल्या मुलांना टाकीत उतरवलं. त्यांचा बाप्तिस्मा धरायचा की नाही, हे या मंडळीनं आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांतली पहिली मुलगी माझी आई. ती त्या बाकावर बसलीय."

सगळ्या माना मागे वळल्या. कुजबूज उठली. "कोण बुडालं?" "कुठं?" "म्हणजे रखवालदारानं?" पाळक अर्धवट उठले, बसले, पुन्हा उठले. कुणाला काही उमगेना. तेवढ्यात गायकवर्गाच्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. सूरकाका उभे राहिले होते.

"दुसरा मी," ते म्हणाले. "तिच्या मागून मी उतरलो. आणि जन्मभर गप्प बसलो. आता मला टाकायचं तर टाका मंडळीतून, पण तिला टाकू नका."

मग बेकरीवाले उठले. त्यांचा चेहरा पडला होता, पण सेक्रेटरीची सवय सुटत नाही. "आपल्यात पाळक ठरवत नाहीत, मंडळी ठरवते," ते म्हणाले. "तेव्हा हात वर करा."

नक्की कशासाठी करायचे हे निम्म्या लोकांना कळलं नव्हतं. शेजाऱ्याला विचारत विचारत त्यांनी केले. ऑर्गनवाल्या मावशींनी जरा वेळ घेतला, नाक उडवलं, आणि दोन्ही हात वर केले. पाळकांनी चहूकडे पाहिलं, स्वतःचाही हात वर केला आणि म्हणाले, "धरला."

मग थाळी निघाली. बाकामागून बाक करत ती दाराजवळ आली. सवयीनं आईचा हात ती पुढे सरकवायला निघाला आणि मध्येच थांबला. तिनं उघड्या दारातून बाहेर पायरीकडे एकदा पाहिलं. भाकरीचा तुकडा उचलून तोंडात घातला, सावकाश चावला. मग इवलासा पेला घेऊन एका दमात रिकामा केला आणि डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं.

टायपिंगवाली धावत मागे आली. "आई, बरी आहेस ना?"

आईनं तोंड वाकडं केलं. "आंबटच आहे गं," ती म्हणाली.