दोन बोटं सरकलेला साचा

गोदामात त्यांना सगळे भोकमास्तर म्हणत. कामच तसं होतं. तांब्याच्या जाड प्लेटांचे गठ्ठे यायचे. मास्तर त्यातल्या काही प्लेटा काढायचे, त्यांच्यावर भोकं असलेला पत्र्याचा साचा ठेवायचे आणि साच्यातलं भोक जिथे येईल तिथेच ड्रिल लावायचे. निघालेला कीस तीन पाकिटांत भरून त्यांना लाखेची मोहर लागायची. एक विकणाऱ्याचं, एक घेणाऱ्याचं, आणि तिसरं, भांडण झालंच तर, पंचाचं. तपासणीत शिसं, गंधक किंचित जरी जास्त निघालं तरी माल नापास.

एक गोष्ट मात्र कुठल्याच नियमात नव्हती. काही प्लेटांवर तांब्याच्या गाठी असतात. साच्याचं भोक नेमकं गाठीवर आलं तर ड्रिल घसरतं, त्याच्या टोकाचं बीट मोडतं. मग मास्तर साचा दोन बोटं बाजूला सरकवायचे. या धंद्यात सगळेच सरकवतात. त्यातून कोणाचं काही बिघडल्याचं निदान त्यांच्या कानावर तरी आलं नव्हतं.

त्या दिवशीचा माल धाकट्या भावाच्या कारखान्याचा होता. विजेने तांबं शुद्ध करणाऱ्या हौदांवर धाकटा मुकादम होता. तार ओढणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली होती की या तांब्याची तार मध्येच तुटते. म्हणून पुन्हा नमुना घ्यायचा होता. नापास झाला, तर कारखान्याची छाप बाजाराच्या मान्य यादीतून जाणार. यादीतलं तांबं लोक डोळे मिटून घेतात. यादीतून उतरलेलं भंगाराच्या भावातही कोणी पटकन घेत नाही.

गिऱ्हाइकाचा माणूस यायच्या आधीच धाकटा आला.

“दादा, चहा झाला?”

“तू चहा विचारायला आलेला नाहीस.”

“नाही.” तो कसनुसा हसला. “मालकाने हौदांची वीज वाढवलीय. माल लवकर निघतो, पण गाठी धरतात, आणि गाठींच्या पोटात गाळ अडकतो. हातोडीने ठोकून काढल्या, तरी बुडखे राहिलेत.”

“मग मी काय करू?”

“साचा सरकव. नेहमी सरकवतोसच की.”

मास्तर ड्रिलमध्ये बीट आवळू लागले.

“परक्यांसाठी सरकवतोस. मीच काय तुझं घोडं मारलंय?”

“परक्यांसाठी नाही रे. बीट मोडतं म्हणून.”

“मग आजही बिटासाठीच सरकव. मी काही बोललोच नाही असं समज.”

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा माणूस आला आणि बोलणं तिथेच तुटलं. गठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. मधली प्लेट बाहेर आली. मास्तरांनी साचा ठेवला. भोक अगदी बुडख्यावर आलं होतं.

धाकटा नसता, तर हात केव्हाच सरकला असता. पण आता त्या दोन बोटांना नाव मिळालं होतं. मास्तरांनी साचा दाबून धरला आणि ड्रिल सोडलं. ते किंचाळलं, घसरलं, बीट मोडलं. त्यांनी दुसरं लावलं. तांबूस किसाबरोबर काळपट पूड वर आली. धाकटा भिंतीकडे बघत उभा राहिला.

माल नापास झाला. पंचाच्या पाकिटानेही तेच सांगितलं. छाप यादीतून गेली, थोड्याच दिवसांत हौद कोरडे पडले आणि मुकादमाला कोणी मुकादम म्हणेना. भावजय मास्तरांचा फोन उचलेना. धाकटा एकदाच भेटला, तोही रस्त्यात.

“जन्मभर वाकडा चाललास, दादा. सरळ व्हायला नेमका माझाच दिवस सापडला तुला?”

मास्तरांकडे उत्तर होतं. गाळ खरा होता, तार खरोखरच तुटत होती. पण आपण खरं म्हणून साचा धरून ठेवला, की भावाने मागितलं म्हणून, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

“बरोबर केलंत म्हणता ना?” बायको ताट पुढे सरकवत म्हणाली. “मग घास का अडतोय?”

पुढे दुसऱ्या एका कारखान्याचा माल आला. चांगल्या नावाचा, कसली तक्रार नसलेला. त्यांचा माणूस दाराशी उभा राहून फोनवर कोणाशी तरी हसत होता. त्याने काही मागितलं नव्हतं, मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मास्तरांनी साचा ठेवला, ड्रिल लावलं. कीस छान निघाला, लालसर, कुरळा.

साचा उचलला तेव्हा त्यांना ती गाठ दिसली. तिला ओरखडाही नव्हता. भोक तिच्या शेजारी पडलं होतं, दोन बोटांवर.

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. पाकिटं तिथे तयार होती. त्यांनी त्यात कीस भरला आणि लाख वितळवायला घेतली.